दाखल्यावर शिक्का कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या शिक्षणसंस्थेला निर्वासित तरुणांसाठी पन्नास शिष्यवृत्त्या सुरू करायच्या आहेत. एक कंपनी फी आणि वसतिगृहाचा खर्च द्यायला तयार आहे. एक स्वयंसेवी संस्था छावणीतून विद्यार्थी निवडून देणार आहे. सामंजस्य कराराचा मसुदाही झाला आहे. आम्ही काही विसरतोय का? अशा भागीदाऱ्या कुठे टिकतात आणि कुठे मोडतात?"

पैसे देणारा भेटलाय, वर्ग तुमचे आहेत, मुलं शोधून देणारंही कोणी आहे. इथवर पोचायलाच अनेकांची वर्षं जातात, तेव्हा आधी अभिनंदन. पण तुमच्या यादीत एक भागीदार दिसत नाही, आणि नेमका तोच नसल्यामुळे चांगल्या चांगल्या योजना बसताना मी पाहिल्या आहेत. ज्याच्या मान्यतेशिवाय तुमच्या प्रमाणपत्राला बाहेर कोणी विचारणार नाही, तो हा भागीदार. म्हणजे यजमान देशाचं शिक्षण खातं, परीक्षा मंडळ आणि बाहेरच्या पदव्यांची समकक्षता ठरवणारं कार्यालय. छावणीतल्या शाळा, प्रवेशपूर्व वर्ग आणि विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय अशा तिन्ही ठिकाणी काम केल्यावर मला एक सवय लागली आहे. कुठलाही करार समोर आला की पैशाचं पान मी शेवटी वाचते. शिकून झाल्यावर मुलाच्या हातात जो कागद पडणार आहे त्यावर शिक्का कोणाचा आणि तो कुठे कुठे चालतो, हे आधी शोधते.

ही सवय सुखासुखी लागलेली नाही. सुरुवातीच्या काळात मी अशा एका कार्यक्रमात होते जिथे अभ्यासक्रम उत्तम होता, शिक्षक जीव ओतून शिकवत होते आणि हजेरी कोणालाही हेवा वाटावा अशी होती. प्रमाणपत्र वाटपाला पाहुणे आले, भाषणं झाली. पंधरा दिवसांत तीच मुलं तो कागद घेऊन परत यायला लागली. एका मुलीनं तर तो लॅमिनेट करून घेतला होता. उच्च माध्यमिकच्या बरोबरीचा म्हणून कुठलंच महाविद्यालय तो धरेना, कारण आम्ही कुठल्याच मंडळाशी बोललो नव्हतो. "आधी शिकवू, मान्यतेचं नंतर बघू" असं आमचं ठरलं होतं. ते नंतर कधी आलंच नाही.

आमचं अज्ञान सोडा, पण हाच पेच फार मोठ्या प्रमाणावरही पडतो. २०१७ मध्ये म्यानमारमधून लाखो रोहिंग्या बांगलादेशात आले. छावण्यांत शिक्षण केंद्रं उभी राहिली, पण तिथल्या मुलांना बांगलादेशचा शालेय अभ्यासक्रम शिकवायला परवानगी नव्हती. अनेक वर्षं अनौपचारिक वर्ग चालले आणि २०२१ च्या अखेरीस युनिसेफ व इतरांनी म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू केला. मुलं शिकत होती आणि आहेत. पण जिथे राहतात त्या देशाचं मंडळ त्यांची परीक्षा घेत नाही, आणि ज्या देशाचा अभ्यासक्रम आहे तिथल्या परीक्षेला बसायला त्यांना जाता येत नाही. इथे पैसा कमी पडला म्हणून अडलं असं म्हणता येणार नाही.

उलट बाजूचं उदाहरण पूर्व आफ्रिकेत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये इगॅड या प्रादेशिक गटाच्या सदस्य देशांनी जिबुतीत जाहीरनामा केला की निर्वासितांचं शिक्षण आपापल्या राष्ट्रीय व्यवस्थेत सामावून घ्यायचं. युगांडाने २०१८ मध्ये त्याची योजना आखली. तिच्या नावातच निर्वासितांबरोबर यजमान समाजही आहे आणि ती चालवायची जबाबदारी शिक्षण मंत्रालयाकडे आहे. वर्गात गर्दी अफाट, शिक्षक अपुरे, पैसा नेहमीच तोकडा. तरी त्या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा युगांडाच्या मंडळाची परीक्षा देऊनच बाहेर पडतो. पुढे तो कुठेही गेला तरी "हे कुठलं मंडळ?" असं त्याला कोणी विचारत नाही. तुर्कस्ताननेही आधी सीरियन मुलांसाठी अरबी माध्यमाची तात्पुरती केंद्रं चालवली आणि २०१६ नंतर टप्प्याटप्प्याने ती बंद करून मुलांना सरकारी शाळांत नेलं. त्या बदलात भाषेमुळे पुष्कळ मुलांचे हाल झाले, ते नाकारायचं कारण नाही. पण मला दोन्हींतून एक निवडायला सांगितलं तर मी अवघड भाषा आणि खरा दाखला निवडीन. भाषेवर शिकवणी लावता येते. दाखल्याची शिकवणी नसते.

आता तुमच्या पन्नास जागा. त्या भरणार कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार शालेय वयाचे निर्वासित सुमारे १ कोटी ४८ लाख होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक शाळेबाहेर. पटनोंदणी प्राथमिकला ६५ टक्क्यांच्या आसपास, माध्यमिकला ४० च्या थोडी वर आणि उच्च शिक्षणात ६ टक्के. २०३० पर्यंत हा शेवटचा आकडा १५ वर न्यायचं उद्दिष्ट २०१९ मध्येच ठरलं आहे. सगळ्यांचं लक्ष त्या १५ कडे असतं, पण गळती त्याच्या बरीच आधी होते. माध्यमिक शाळा छावणीपासून लांब असते, फी असते, मुलगा कामाला लागलेला असतो, मुलीचं लग्न ठरलेलं असतं. तुम्ही छावणीत जाहिरात लावाल तेव्हा अर्ज करणारे म्हणजे या सगळ्यांतून तरलेले थोडे, आणि त्याच थोड्यांसाठी चार-पाच शिष्यवृत्ती योजना आधीच रांगेत असतात. म्हणून माझी पहिली सूचना कंपनीला कदाचित रुचणार नाही: रकमेचा एक भाग त्या भागातल्या एखाद्या माध्यमिक शाळेच्या शेवटच्या दोन वर्गांवर घाला. विज्ञानाचा शिक्षक, प्रयोगशाळा, मुलींसाठी राहायची सोय. त्याचे फोटो शिष्यवृत्तीइतके चांगले येत नाहीत, हे मलाही कळतं.

दुसरा अडथळा जुन्या कागदांचा. बॉम्ब पडताना कोणी गुणपत्रिका घेऊन पळत नाही, आणि ज्या विद्यापीठातून ती पुन्हा मागवायची तिथे अर्ज करणं कधी अशक्य तर कधी धोक्याचं असतं. कायद्याची बाजू निर्वासितांना वाटते तितकी दुबळी नाही. १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम २२ सांगतं की प्राथमिक शिक्षणात निर्वासिताला देशाच्या नागरिकासारखं वागवा. त्यापुढच्या शिक्षणात प्रमाणपत्रांची मान्यता, फीमाफी आणि शिष्यवृत्ती याबाबत निदान इतर परदेशी लोकांपेक्षा कमी लेखू नका. पदव्यांच्या मान्यतेबद्दलचा, युरोपापुरता १९९७ चा लिस्बन करार आणखी पुढे जातो. कागदपत्रं नसली तरी निर्वासितांची पात्रता तपासण्याची रास्त पद्धत सदस्य देशांनी ठेवावी, असं त्याचं सातवं कलम म्हणतं. याच पायावर युरोप परिषदेने २०१७ मध्ये ग्रीसमध्ये एक प्रयोग सुरू केला, 'निर्वासितांसाठी युरोपीय पात्रता पासपोर्ट'. हाताशी असतील ते कागद तपासायचे, मग त्या देशाची शिक्षणपद्धती जाणणाऱ्या तज्ज्ञांनी उमेदवाराची मुलाखत घ्यायची आणि त्याचं शिक्षण, कामाचा अनुभव, भाषा यांचं मूल्यमापन लिहून द्यायचं. हा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. ती पदवीची अधिकृत मान्यता नव्हे, पण प्रवेश समितीला हातात धरायला काहीतरी मिळतं.

तुमच्या संस्थेने करायचं ते सोपं आणि फुकट आहे. विद्यार्थी निवडायच्या आधी विद्वत्सभेत ठराव करून घ्या की मूळ कागद नसलेल्या निर्वासिताला अमुक पद्धतीने, म्हणजे मुलाखत, प्रवेश चाचणी आणि प्रतिज्ञापत्र यांवर, तात्पुरता प्रवेश मिळेल आणि तो अमुक सत्रानंतर कायम होईल. हा ठराव नसेल तर काय होतं ते सांगते. प्राचार्य "हो" म्हणतात, विभागप्रमुख "हो" म्हणतात आणि तिसऱ्या मजल्यावरचा पात्रता विभागाचा कारकून "मूळ दाखला कुठे?" म्हणून फाइल बाजूला ठेवतो. त्याची चूक नसते. त्याला तसा लेखी आदेशच नसतो.

आता भागीदाऱ्या टिकतात कुठे? मला सर्वात जास्त शिकवून गेलेलं उदाहरण केनियातल्या दादाब छावण्यांचं. १९९१ पासून सोमालियातले निर्वासित तिथे आहेत. तिथल्या शाळांत शिकवणारे बहुतेक शिक्षक स्वतः निर्वासित आणि प्रशिक्षण न घेतलेले. २०१३ मध्ये केनियाची केन्याटा आणि मोई विद्यापीठं आणि कॅनडाची यॉर्क आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठं यांनी मिळून तिथेच शिक्षकांसाठी अभ्यासक्रम सुरू केले. त्यांनी ते पायऱ्यापायऱ्यांनी रचले: आधी प्रमाणपत्र, त्यावर पदविका, त्यावर पदवी. ज्याला मध्येच थांबावं लागलं, कोणाचं पुनर्वसन झालं, कोणी मायदेशी परतलं, कोणाला मूल झालं, तो रिकाम्या हाताने गेला नाही. जितकं शिकला तितक्याचा दाखला खऱ्या विद्यापीठाच्या शिक्क्यासह बरोबर नेला. निर्वासिताच्या आयुष्यात पुढची चार वर्षं एका जागी जातील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तरी बहुतेक शिष्यवृत्ती योजना चार वर्षं सरळ रेषेत चालतील असं धरूनच आखलेल्या असतात. तुमच्या अभ्यासक्रमात मध्ये उतरायचे थांबे आहेत का, हे तपासा. आणखी एक. केनियाची विद्यापीठं तिथे केवळ नावाला नव्हती. ती नसती तर कॅनडाच्या पदवीच्या जोरावर केनियात शिक्षक म्हणून उभं राहणं सोपं गेलं नसतं.

दुसरं उदाहरण कॅनडाच्याच विद्यार्थ्यांचं. १९७८ पासून तिथे वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ऑफ कॅनडा ही संस्था निर्वासित विद्यार्थी योजना चालवते. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीच मतदान करून स्वतःच्या फीवर लहानशी वर्गणी लावून घेतली आहे आणि त्या पैशातून नवा विद्यार्थी येतो. आलेल्याला विमानतळावर आणायला जाणं, बँक खातं काढून देणं, थंडीचे कपडे घेऊन देणं ही कामं विद्यार्थ्यांची समिती करते. आणि येणारा विद्यार्थी शिक्षणाच्या व्हिसावर येत नाही, कायम रहिवासी म्हणून येतो. या योजनेच्या दीर्घायुष्याचं कारण माझ्या मते हे, की ती एका देणगीदारावर उभी नाही. हजारो जणांची चिमूटभर वर्गणी एका वर्षात बंद पडत नाही. तुमच्याकडे कंपनी आहे ते छानच. तरी विद्यार्थ्यांपुढे हा प्रस्ताव ठेवून पाहा. रक्कम किती जमते याला महत्त्व नाही. निर्वासित मुलगा वर्गात आला की त्याच्या बाजूने बोलणारे चारजण आधीच तयार असतात.

इटलीतली 'निर्वासितांसाठी विद्यापीठ मार्गिका' २०१९ मध्ये इथिओपियातल्या निर्वासितांसाठी दोन विद्यापीठांनी सुरू केली आणि पुढे तीसहून अधिक विद्यापीठं तिच्यात आली. तिथे विद्यापीठं जागा देतात, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास व्हिसाचं बघतात, कॅरितास ही कॅथलिक सेवासंस्था आणि वॉल्डेन्शियन या प्रॉटेस्टंट चर्चची संस्था यांसारखे भागीदार राहण्याचं आणि रोजच्या जगण्याचं बघतात. काम वाटलेलं आहे आणि जो तो आपल्याला येतं तेच करतो. विद्यार्थी सीमेपलीकडून आणायचे असतील तर परराष्ट्र खात्याचा माणूस तुमच्या बैठकीत पहिल्या दिवसापासून हवा. प्रवासाचा दस्तऐवज, बाहेर पडायची परवानगी आणि परत यायची वेळ आली तर परत घेण्याची हमी या तीन गोष्टींवर जितके प्रवेश बुडालेले पाहिले तितके नापास होऊन बुडालेले पाहिले नाहीत.

खर्चाबद्दल: "फी आणि वसतिगृह" हे तुमचे शब्द वाचून मी जरा थांबले. फी कुठल्या दराने? पुष्कळ देशांत निर्वासिताला परदेशी विद्यार्थ्याचा दर लागतो आणि कंपनीने मंजूर केलेल्या पैशात पन्नासऐवजी पंधराच बसतात. स्थानिक दर लावण्याचा आदेश शिक्षण खात्याकडून आधी घ्या. वसतिगृह सुट्टीत बंद होतं ना? बाकीची मुलं घरी जातील. या मुलानं कुठे जायचं? हा प्रश्न दरवर्षी सुट्टी लागायच्या आठवड्यात निघतो आणि दरवर्षी सगळ्यांना आश्चर्य वाटतं. मग ओळखपत्राचं नूतनीकरण, त्यासाठी छावणीत जायचा प्रवास, आरोग्य विमा, परीक्षा शुल्क. आणि सर्वात न बोलला जाणारा खर्च: घरी पाठवायचे पैसे. एकोणीस वर्षांचा थोरला मुलगा शिकायला गेला म्हणजे घरातला एक कमावता हात गेला. तो निर्वाहभत्त्यातून वाचवून घरी पाठवतो, अर्धपोटी राहतो, रात्री काम शोधतो आणि दुसऱ्या सत्रात नापास होतो. शिस्तीचा प्रश्न म्हणून समितीपुढे आलेली अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. भत्ता ठरवताना हे गृहीत धरा, उघडपणे लिहिता येत नसेल तरी.

मुलींसाठी जागा राखून ठेवणं हे अर्धंच काम. लहान मूल असलेल्या विद्यार्थिनीसाठी पाळणाघर, अंधार पडायच्या आत परतता येईल असं वेळापत्रक, आई-वडिलांशी बोलायला त्यांच्याच भाषेतली एखादी बाई. एवढं असेल तर राखीव जागा भरतात, नाहीतर वर्षाअखेर "मुलींकडून प्रतिसाद नाही" असं वाक्य अहवालात जातं.

निवड त्या स्वयंसेवी संस्थेवर पूर्ण सोडू नका. ती प्रामाणिक असेलही, पण छावणीत राहून काम करणाऱ्या माणसावर ओळखीपाळखीचा, टोळीचा, गटाचा दबाव असतो, आणि निवड झाली नाही त्याला रोज त्याच रस्त्यावर भेटायचं असतं. तुमचा एक प्राध्यापक, एक बाहेरचा आणि आधी शिकलेला एखादा निर्वासित पदवीधर अशी समिती करा. नाकारलेल्या प्रत्येकाला कारण लेखी द्या. त्या पदवीधराला मानधन द्या, "अनुभव मिळेल" म्हणून फुकट राबवू नका. १९९२ पासून जर्मन सरकारच्या पैशावर आइन्स्टाइनच्या नावाने चालणाऱ्या दाफी शिष्यवृत्तीतून हजारो निर्वासित पदवीधर झाले आहेत. असं माणूस शोधणं आता अवघड नाही.

ऑनलाइन शिकवायचा मोह होईल, तो ताब्यात ठेवा. रवांडातल्या किझिबा छावणीत केप्लर ही संस्था आणि अमेरिकेचं सदर्न न्यू हॅम्पशायर विद्यापीठ यांनी दूरशिक्षणाने पदव्या दिल्या, पण तिथे शिकायला जागा होती, वीज होती, समोर बसून मदत करणारा शिक्षक होता आणि शेवटी खरी पदवी होती. नुसत्या व्हिडिओ व्याख्यानांची यादी पाठवली तर पहिल्या महिन्यानंतर कोणी उघडत नाही. मीही उघडली नसती.

कंपनीकडून पैशाखेरीज काय घेता येईल? व्होडाफोन फाउंडेशनने २०१३ पासून उच्चायोगाबरोबर छावण्यांतल्या शाळांत इंटरनेट, सौरऊर्जा आणि टॅब्लेटचे वर्ग उभे केले, म्हणजे कंपनीला जे येतं तेच दिलं. तुमच्या कंपनीला विचारा की ती प्रशिक्षणार्थी म्हणून घेईल का. पण त्याआधी बघा, तुमच्या देशात निर्वासिताला काम करायची परवानगी आहे का. नसेल तर पदवीनंतर तो पुन्हा छावणीत बसेल, आणि ही गोष्ट त्याला प्रवेशाच्या आधी कळायला हवी.

सर्वात नाजूक भाग पैशाच्या शेवटाचा. अमेरिकेत २०२३ मध्ये विद्यापीठांना निर्वासित विद्यार्थी स्वतः पुरस्कृत करून आणता येतील अशी योजना सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचा प्रवेशच थांबवला गेला आणि जागा, पैसे, स्वागत समित्या सगळं तयार असलेली महाविद्यालयं हात चोळत राहिली. त्याच महिन्यात अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि अनेक देशांतले शिक्षण कार्यक्रम मध्येच तुटले. तुमच्या मसुद्यात "निधीच्या उपलब्धतेनुसार दरवर्षी नूतनीकरण" असं कलम असेल, बहुतेक करारांत असतंच. ते काढा. नवे विद्यार्थी घेणं निधीनुसार थांबवता येईल, पण घेतलेल्याचं शिक्षण थांबणार नाही, असं लिहा. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या पूर्ण अभ्यासक्रमाचे पैसे प्रवेशाच्या दिवशीच वेगळ्या खात्यात असायला हवेत. कंपनी याला तयार नसेल तर ती चार वर्षांची भागीदार नाही, एका वर्षाची देणगीदार आहे. तेही वाईट नाही, फक्त मग एका वर्षाचाच अभ्यासक्रम द्या.

यावरून पन्नास जागांचं उत्तर आपोआप निघतं. आहे त्याच रकमेत पूर्ण कालावधीचे पैसे बाजूला टाका, स्थानिक दराने फी धरा, सुट्टीतला मुक्काम, विमा, प्रवास आणि वाढीव भत्ता धरा, माध्यमिक शाळेचा वाटा काढा, प्रवेशाआधी सहा महिन्यांचा भाषा आणि गणिताचा वर्ग धरा. माझ्या अंदाजाने बारा-चौदा जागा उरतील. त्यातल्या तीन-चार यजमान समाजातल्या गरीब मुलांना द्या. छावणीच्या कुंपणाबाहेरच्या मुलांचे हाल फार वेगळे नसतात, आणि "आमच्या पोरांना काय?" हा त्यांच्या पालकांचा प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी दहाच निर्वासित घ्या. आणि मसुद्यावर सह्या करायच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कारकुनाला बैठकीला बोलवा.